बाच्या हातातल्या चपला

पेटीची शेवटची फळी उचकटली, आतलं गोणपाट खाली घसरलं आणि बँजोवाल्यानं वाजवता वाजवता हात काढून घेतला.

धामणझरीच्या वेशीत दीड-दोनशे माणूस उभं होतं. बौद्धवाड्यातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून, मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या. सरपंच वीरेश शाल घडी करून हातावर घेऊन उभा होता. दिपाली नांदेडला जाऊन-येऊन शाळेत शिकवते. तिनं तिथून पाच फुटांचा हार आणला होता, बुद्धाच्या गळ्यात घालायला. तिचा इटलीतला मामा, प्रेम, गावाला मूर्ती देतोय म्हटल्यावर ती दुसरी कुणाची असणार? मामानं कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

पेटीतून निघाला तो माणूस होता. काळ्या दगडाचा, पुरुषभर उंचीचा. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, मान खाली. पाय अनवाणी, बोटं जमीन धरल्यासारखी आखडलेली. आणि उजव्या हातात, मांडीला चिकटवून, कुणाला दिसू नयेत अशा धरलेल्या चपला.

पुतळा ओट्यावर उचलून ठेवायला आणलेल्या हायड्रा क्रेनचं इंजिन तेवढं धडधडत होतं.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "अगा, ह्यो तर नरसिंग हाय. नागुबाईचा अन् ह्या प्रेमचा बाप."

आणि वेशीतल्या सगळ्यांना एकदम कळलं, चपला हातात का आहेत ते. साठीच्या पुढच्यांनी पाहिलेलं होतं, बाकीच्यांनी ऐकलेलं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसानं वेशीतून आत येताना पायातलं काढून हातात घ्यायचं, मान खाली घालून गावातला रस्ता चालायचा आणि पलीकडे सडकेला लागलं की पायात घालायचं. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरज नव्हती. लिहिलेला कायदा रद्द तरी करता येतो.

गावाला पुतळे आवडतात. हात वर केलेले, छाती काढलेले, घोड्यावरचे. चपला हातात घेतलेला माणूस पुतळ्यात नको असतो, कारण तो शिल्पकाराच्या आधी गावानंच घडवलेला असतो.

दिपाली हार तसाच दोन्ही हातांवर घेऊन पुढे आली.

"मामा, हे काय?"

"तुझा आजा," प्रेम म्हणाला.

"ते दिसून राहिलं मला. चपला हातात काऊन?"

"जसा व्हता तसा केला."

"जसा होता तसा!" दिपालीचा आवाज चढला. "मी वर्गात पोरांना सांगते, मान वर करून चाला. सहा महिने झाले, ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवून ठराव करून घेतला मी. ओट्यासाठी घराघरातून सिमेंटची पोतं गोळा केली. आन् तुम्ही परदेशातून आमची लाज पेटीत भरून आणली?"

"लाज आपली न्हाई, दिपा. ज्यायनं काढायला लावल्या त्यायची हाय."

"मग त्यांचा पुतळा करायचा होता ना!"

एकोणसाठ वर्षांचा प्रेम, गळ्यात लोकरीचा मफलर, वेशीतल्या उन्हात घाम पुसत उभा राहिला. दिपाली हार घेऊन तशीच विहाराकडे चालती झाली. तिच्या मागे बाया गेल्या, मेणबत्त्या न पेटवता.

वीरेशनं शाल काखेत मारली. तो चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याच्या आज्यानं कधी कुणाला शिवी दिली नाही असं तो भाषणात सांगतो, आणि ते खरंही असेल. बोलावंच लागत नव्हतं.

"काका, तुमचा मान हाय. पन जुनं उकरून काय भेटनार? आता कोन काढतंय चपला? बघा की, समदे घालून उभे हायत."

"दिसतंय मला."

"मंग? पेपरात फोटू आला तर गावाचं नाव काय व्हईल? सोमवारी ग्रामसभा घेतो. तवर ताडपत्री टाकू." मग तो जवळ येऊन हळू बोलला, "न्हाई तर सोपं हाय. तुमी कारागीर मानूस. तेवढ्या चपला काढून टाका. हात मोकळा राहू द्या. खाली लिहू, आमचा शेतकरी."

नरसिंगच्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

"चपला काढल्यावर मागं राह्यलं काय?" प्रेमनं विचारलं.

"पुतळा राह्यला की," वीरेश म्हणाला.

हदगावहून हिमायतनगरला जाणारी एसटी तेवढ्यात सडकेवर थांबली. खिडकीतल्या लोकांनी माना वळवून पाहिलं, कुणीतरी मोबाइल बाहेर काढला. वीरेशच्या माणसांनी घाईनं निळी ताडपत्री टाकली आणि दोरी आवळली. तीही नेमकी गळ्याभोवती.

प्रेमला शिल्पकार म्हणणारं त्या गावात कोणी नव्हतं. बहीण नागुबाई, दिपालीची आई, तीस वर्षं विचारणाऱ्याला सांगत आली, "दगडाचं काम करतो," आणि लोक समजायचे खडी फोडतो. फार चुकीचं नव्हतं ते. सोळाव्या वर्षी घर सोडून तो लातूरला फरशीच्या ठेकेदाराकडे लागला. सहा वर्षं गुडघ्यांवर बसून बंगल्यांच्या फरश्या घासल्या. तिथून मस्कत. मस्कतमध्ये संगमरवर बसवणाऱ्या इटलीच्या मुकादमानं त्याचा हात पाहिला आणि तिकडं नेला. एका डोंगराळ गावात दगडाच्या कारखान्यात तो तीस वर्षं पॉलिशच्या मशीनवर उभा होता. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांच्या न्हाणीघरांचे दगड. रविवारी स्वतःचा. फुटलेला, डाग पडलेला, मालकानं फेकलेला दगड मागून आणायचा आणि अंगणात घेऊन बसायचा. संसार झाला नाही. दगड झाले.

त्यानं गावच कोरलं. विहिरीच्या दूर उभी राहून कुणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघणारी बाई. मेलेलं जनावर ओढणारे दोघं. जळालेल्या कुडाच्या खोलीत पातेलं शोधणारी म्हातारी. आणि बा. बा त्यानं नऊ वेळा कोरला, नऊही वेळा पांढऱ्या दगडात, कारण तिथं पांढराच मिळायचा. पांढरा बा त्याला कधी बा वाटला नाही. तिथल्या नगरपालिकेनं एकदा प्रदर्शन मांडलं. एक बाई त्या चपलांसमोर उभी राहून रडली. वर्तमानपत्रात आलं की हा माणूस आपल्या बापाचा अपमान दगडात धरून ठेवतो. मशीनवर त्याला सगळे "ए इंडियन" म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा नावानं हाक मारली. नऊही पुतळे गेले. कुणाच्या बागेत, कुणाच्या बँकेत, एक शाळेच्या दारात.

मग कुणीतरी सांगितलं, दक्षिणेला बेटावर ज्वालामुखीचा काळा दगड निघतो. प्रेम सुट्टी टाकून गेला. खाणीत पाय ठेवला आणि खाली बसला. आपलाच दगड. धामणझरीच्या माळावरचा, पाट्या-वरवंट्याचा, उन्हात तापल्यावर तोच वास येणारा. दहावा बा त्यानं त्यात कोरला. चार वर्षं लागली. तेव्हाच ठरवलं, हा विकायचा नाही. ज्या वेशीत त्याला चपला काढाव्या लागल्या त्याच वेशीत तो उभा करायचा. मग आपण मेलो तरी चालेल.

बाचा एकही फोटो नव्हता. होता तो अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत वस्ती जाळली त्यात गेला. प्रेमजवळ होतं ते एवढंच: पुढं चालणारा बा, आणि डोळ्यांसमोर झुलणारा त्याचा हात, हातात चपला.

गुरुवारचं हे सगळं नागुबाईनं पाहिलं नव्हतं. तिचे गुडघे गेलेले. गर्दीत उभं राहवत नाही म्हणून ती घरीच होती. दिपालीनं घरी येऊन आदळआपट केली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बासारखा दिसतो का?"

"मला काय माहीत! ते गेले तेव्हा मी चार वर्षांची!"

"मंग मी बघून येते."

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास काठी टेकत ती निघाली. सोबत प्रेम. वेशीपाशी आल्यावर ती थांबली. एका हातानं भिंत धरली, वाकायला जमेना म्हणून पायानंच चपला काढल्या, काठीच्या टोकानं वर उचलल्या, हातात घेतल्या आणि आत पाऊल टाकलं.

प्रेम जागीच उभा राहिला.

"आक्का. काय करून राहिलीस?"

"काय?"

"चपला."

नागुबाईनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा हात होता. "अगं बाई! ध्यानातच येत न्हाई रे. पायालाच सवय हाय. दिपा लई बोलती मला ह्याच्यावरून. मागं तर चारचौघांत रडली." ती हसली. "चाल, आता घालायला कोन वाकंल. दाखिव बाला."

त्यानं दोरी सोडली, ताडपत्री ओढली.

नागुबाई ओट्याच्या कडेला टेकली आणि दगडाच्या पायावरून हात फिरवू लागली. टाचेपाशी हात थांबला.

"भेगा बी तशाच. मी करडीचं तेल लावायची ह्यात." ती काठीवर जोर देऊन उठली. "नाक बाचंच हाय. आन् कान! आरं, कान कसा ध्यानात ठिवलास तू?"

"मागून चालायचो ना. कानच दिसायचा."

"हाव." तिचा हात खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर आला. तिथून चपलांवर. तिनं एक चपल बोटांनी टोकापासून टाचेपर्यंत मापली. पुन्हा मापली.

"ह्या कुनाच्या?"

"बाच्या."

"बाच्या?" नागुबाईनं मागं वळून पाहिलं. "बाला चपला कुठं व्हत्या?"

प्रेम हसला. "आक्का, मी बघितलंय. रोज बघितलंय. शाळंला घेऊन जायचा मला, पुढं त्यो, मागं मी. वेस आली की चपला त्याच्या हातात."

"हातात व्हत्या. पायात कवा व्हत्या? आठव."

प्रेमचं हसू तसंच राहिलं, पण मागचं सगळं निघून गेल्यासारखं.

"बा जल्मभर अनवानी चालला," नागुबाई म्हणाली. "दिपा झाली त्या साली मीच एक जोड घेऊन दिला त्याला. दोन दिस घातला आन् चावतो म्हनून खुटीला टांगला. तवा तर तू लातूरला गेलता. त्याच्या आधी आपल्या घरात चपलंचा एकच जोड आला. तुझा."

"माझा?"

"तुझ्या पायात बाभळीचा काटा मोडला, पू झाला. हदगावचा डाक्टर म्हनला, पाय उघडा ठिवला तर कापावा लागंल. बानं सात दिस कुनाच्या तरी विहिरीचा गाळ काढला आन् तुला चामड्याच्या चपला शिवून आनल्या. आंगठ्याच्या. तिसरीत व्हतास तू. वस्तीतल्या लेकरात तुझ्या एकट्याच्या पायात चपला." ती थांबली, दम घेतला. "आता वेस आली का तुझ्या काढायला लागायच्या. तू भोकाड पसरायचास. मंग बा काढायचा अन् सोता हातात धरायचा. माय म्हनली व्हती, आठ वर्साचं घोडं हाय, त्याच्या चपला त्याला धरू दे. तर बा म्हनला, माझ्या मानंला सवय लागली ती लागली, लेकराच्या हाताला न्हाई लावायची."

प्रेमनं दगडातल्या चपलांवर आपला पंजा ठेवून पाहिला. "मला मोठ्या आठवतात."

"तुझ्या डोळ्याम्होरं असायच्या. मोठ्याच दिसनार."

"आन् पलीकडं?"

"पलीकडं सडकंला लागलं का बा खाली बसायचा. तुझा एकेक पाय मांडीवर घेऊन चपल घालायचा. तू त्याच्या डोक्यावर हात टेकवून एका पायावर उभा. मी गवताचा भारा घेऊन मागच्या बोळातून यायची, मला रोज दिसायचं. तुला ह्ये येवढं ध्यानात न्हाई?"

नव्हतं. वेशीतला हात ध्यानात होता, सडकेवरची मांडी नव्हती. अपमान त्यानं पन्नास वर्षं जपला, चारही बाजूंनी पाहून नऊ दगडांत उतरवला, दहाव्यात पॉलिश केला. आणि त्यातली मुख्य वस्तूच खोटी निघाली. दूरदेशात नऊ ठिकाणी नऊ नरसिंग स्वतःच्या नसलेल्या चपला धरून उभे होते. लोक त्यांच्यासमोर रडले होते.

तो ओट्याला पाठ लावून खाली मातीत बसला. एक रिक्षा हॉर्न वाजवत वेशीतून गेली तरी त्यानं पाय आत घेतले नाहीत. नागुबाईनंच काठीनं त्याचा पाय ढकलला.

"आक्का," तो म्हणाला, "घर सोडताना मी बाला एक बोललो व्हतो."

"काय?"

"म्हनलं, तुझ्यासारखं चपला हातात घेऊन जगनार न्हाई मी."

नागुबाईचा दगडावरचा हात खाली आला. "असं बोललास? बाला?"

"हाव."

"मंग बा काय म्हनला?"

"कायच न्हाई. माझ्या पायाकडं बघितलं. मी चपला घातलेल्या व्हत्या. म्हनला, नीट जा."

"त्यानं सांगितलं न्हाई तुला?"

"न्हाई ना!"

नागुबाई पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यो काय सांगनार. लेकराच्या पायात चपल घातली म्हनून कुनी सांगत असतंय व्हय."

नरसिंग एक्क्याण्णव साली गेला. प्रेम तेव्हा मस्कतमध्ये होता. तार पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

दहा वाजता प्रेम उठला. कपडे झाडले नाहीत. सडकेवर येऊन मिळेल त्या जीपनं हदगावला गेला आणि बाजारात मकसूदच्या दुकानासमोर उभा राहिला. दुकानात छतापासून चपला लोंबत होत्या.

"लहान पोराच्या चपला पाहिजेत. चामड्याच्या."

मकसूदनं त्याच्या मफलरकडं पाहिलं. "चमड्याच्या? साहब, आता पोरं कोन घालतात चमड्याच्या? ही बघा, लाइटवाली. पाय टेकला की चमकती. पोरगं घरातच थांबनार न्हाई."

"साध्या. आंगठ्याच्या."

"उमर काय पोराची?"

"आठ."

"हड्डी कशी हाय? माझ्या जुबेरचा पाय आठव्या वर्षी असा व्हता, डायरेक बापाचा जोडा घालायचा."

"बारीक. लई बारीक पोरगं."

मकसूद शिडीवर चढून माळ्यावर शिरला. खोकल्याचा आवाज आला, दोन खोके खाली पडले. शेवटी धूळ खाल्लेला एक जोड घेऊन तो उतरला, शर्टाच्या बाहीनं पुसला. "अब्बाच्या टायमाचा माल हाय. एकच राहिला. घेऊन जा. बसला न्हाई तर पोराला संग घेऊन या, नाप घेऊन बनवून देऊ."

प्रेमनं चपला तळहातावर ठेवल्या. दोन्ही मिळून एका पंज्यात मावल्या. बोटं मिटली तर दिसणारही नाहीत.

"बसतील," तो म्हणाला.

"नातू का?"

प्रेमनं मान हलवली. हो की नाही ते मकसूदला कळलं नाही. त्यानं पिशवी द्यायला हात पुढं केला तर गिऱ्हाईक तसंच, चपला हातात घेऊन, बाजारातून चालू लागलं होतं.

दगडाचं एक असतं. त्याला जोडता येत नाही, फक्त कमी करता येतं. नाक एकदा उडालं की उडालं. लातूरच्या फरशीपासून इटलीच्या खाणीपर्यंत प्रेमनं हा एकच नियम पाळला होता. बाच्या हातातली खरी वस्तू कोरलेलीपेक्षा मोठी असती, तर चार वर्षांचा दगड फेकून देण्याशिवाय इलाज नव्हता. पण खरी वस्तू लहान होती. ती त्या मोठ्या चपलांच्या आतच होती, आधीपासून.

शनिवारी सकाळी वेशीत ग्राइंडर सुरू झाला. दगडाची काळी भुकटी उडू लागली. नागुबाई ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर चामड्याचा तो इवलासा जोड. प्रेम दर थोड्या वेळानं हात पुढं करायचा, ती जोड द्यायची, तो माप धरायचा, परत करायचा.

वीरेश मोटारसायकलवरून गेला. बाच्या हातावर चाललेली चकती पाहिली, अंगठा वर केला. "लई चांगलं केलं काका! समजदार मानूस!"

ही बातमी तासाभरात बौद्धवाड्यात पोचली आणि दिपाली पळत आली.

"बंद करा ते!" ती ओरडली. "मामा, बंद करा!"

त्यानं ग्राइंडर थांबवला. चष्म्यावर भुकटी, भुवया काळ्या झालेल्या.

"चपला काढून राहिले तुम्ही? वीरेशनं सांगितलं म्हणून?"

"परवा तूच नको म्हनत व्हतीस."

"मी म्हणणं वेगळं! त्यानं सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं, ते वेगळं! पुन्हा तेच झालं ना? वेशीत त्यांनी म्हणायचं काढा, आणि आम्ही काढायच्या?" तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला तिकडं कोण विचारणार. हितं राहायचं आम्हाला हाय."

नागुबाईनं मांडीवरचा जोड उचलून लेकीपुढं धरला.

"हे काय?"

"तुझ्या मामाच्या चपला," नागुबाई म्हणाली. "बस हितं. सांगते."

दिपाली बसली नाही. उभ्यानंच ऐकलं. ऐकता ऐकता तिनं जोड हातात घेतला आणि एका चपलेत आपली तीन बोटं घातली, चौथं मावेना. तिच्या वर्गात तिसरीची चाळीस पोरं आहेत. त्यांचे पाय ती रोज दाराबाहेर मांडलेल्या जोड्यांत बघते. ती वळून आज्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गुरुवारी तिला ती मान लाजेनं वाकलेली वाटली होती. आता पाहिलं तर तो मागून येणाऱ्या कुणाच्या तरी पायांकडं, दगडधोंडा लागू नये म्हणून, तिरकं बघत होता. मान प्रेमनं तशीच कोरली होती. का तशी होती हे त्यालाही माहीत नव्हतं.

ती घरी गेली आणि भुकटी धुवायला पाण्याची कळशी घेऊन आली.

सोमवारी अकराला वीरेश ग्रामसेवकाला घेऊन वेशीत आला. मागे पन्नास-साठ माणूस. ताडपत्री निघाली.

"काका," वीरेश म्हणाला, "चपला तर हायतच."

"कमी केल्या," प्रेम म्हणाला.

वीरेश पुढं झाला. बाचा पंजा तोच होता, रुंद, गाळ काढणाऱ्याचा, शिरा वर आलेल्या. त्या पंज्यात आता दोन बारक्या चपला होत्या, चिमणीचं पिल्लू धरावं तशा धरलेल्या. एकीचा अंगठा जरासा तुटल्यासारखा. प्रेमनं तो मुद्दाम ठेवला होता. आठ वर्षांची पोरं अंगठा तोडतातच. वीरेशला तेवढ्याच वयाची मुलगी आहे. माप त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"ह्या..." तो म्हणाला आणि थांबला.

"माझ्या," प्रेम म्हणाला.

"लेकरालाबी काढायला लावायचे?" मागून कुणीतरी विचारलं. तरुण पोरगाच होता कुणीतरी, वीरेशच्याच भावकीतला. त्याला खरंच माहीत नव्हतं. हे असंच असतं. ज्यांच्या घरातून कायदा चालला त्यांच्या घरात तो कुणी सांगत नाही.

ग्रामसेवकानं ठरावाची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि वही मिटली. वीरेशनं दोन वेळा घसा साफ केला. "खाली नाव काय लिहायचं?"

"नरसिंग."

"शेतकरी बितकरी?"

"नुस्तं नरसिंग."

लोक पांगले. पुतळा राहिला. त्याला कुणी मान्यता दिली नाही आणि कुणी हलवलाही नाही. त्या आठवड्यापासून गावातले चार-दोन जुने लोक वेशीतून न जाता मागच्या बोळातून सडकेला जाऊ लागले. त्यांना तसं कुणी सांगितलं नाही. कुठं लिहिलेलंही नाही.

सगळे गेल्यावर नागुबाई आली. गर्दी तिला सोसत नव्हती. भिंत धरली, पायानं चपला काढल्या, काठीच्या टोकानं उचलल्या आणि पुतळ्यापर्यंत आली. बाचा पंजा चाचपला. चपला मापल्या. एकदाच. पुन्हा मापाव्या लागल्या नाहीत.

"आता बा हाय," ती म्हणाली.

ती परत निघाली तेव्हा प्रेमनं तिच्या हातातून चपला काढून घेतल्या आणि खाली बसला. वेशीच्या आत, भर रस्त्यात, फरश्या घासून गेलेल्या गुडघ्यांवर.

"आरं, काय करून राहिलास? ऊठ. लोक बघून राहिले."

"पाय दे."

"तुझे गुडघे—"

"दे, आक्का."

तिनं पाय उचलला. त्यानं तो मांडीवर घेतला, तळव्याची माती हातानं पुसली. टाचेच्या भेगांत काळी भुकटी गेली होती, ती निघेना. नागुबाई एका पायावर डुगडुगली, काठी हातातून सुटली, आणि पडू नये म्हणून तिनं त्याच्या डोक्यावर हात टेकवला.